माउंटन बाईकची चेन सारखी पडते: चेन गाईड घेण्याआधी काय तपासायचं, आणि घ्यायचंच तर कोणतं

इंदूरला आमच्या रामबागेतल्या अंगणात रविवारी दुपारी एखादी तरी माउंटन बाईक उलटी उभी असते. सकाळी जानापाव, पाताळपाणी नाहीतर चोरलकडे गेलेली मंडळी परतताना थांबतात, आणि बहुतेक वेळा तक्रार एकच असते: उतारावर चेन पडली. नऊ-दहा वर्षं हे दुखणं बघतोय. पुढचा प्रश्नही ठरलेला असतो, "काका, कोणतं चेन गाईड घेऊ? टिकाऊ सांगा." चेन गाईड म्हणजे चेन पुढच्या दातेरी चकतीवरून पडू नये म्हणून लावलेला छोटा आडोसा. माझं उत्तर असं की गाईड जरूर घ्या, पण सगळ्यात शेवटी. आजारी चेनवर लावलेलं गाईड महिन्याभरात घासून खलास होतं, मग कितीही महागातलं असो.

आधी लक्षण नीट ओळखा

"चेन पडते" म्हणून माझ्याकडे येणारे बिघाड मुळात वेगवेगळे असतात.

खडबडीत उतारावर पेडल न मारता जाताना चेन चेनरिंगवरून, म्हणजे पेडलजवळच्या पुढच्या दातेरी चकतीवरून, सुटते. खाली पोचल्यावर पेडल मारायला जावं तर पाय मोकळाच फिरतो.

चढावर, मागे सर्वांत मोठ्या चकतीवर असताना चेन आत, फ्रेमच्या बाजूला पडते. किंवा याच्या उलट, मागे सर्वांत लहान चकतीवर वेगात असताना ती बाहेर, क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) बाजूला जाते. दिशा लक्षात ठेवा, ती पुढे लागणार आहे.

पुढे दोन किंवा तीन चेनरिंग असलेल्या बाईकवर फक्त गिअर बदलतानाच पडते.

चेन चेनरिंगच्या खालच्या दातांना चिकटते, सुटतच नाही, तशीच वर ओढली जाते आणि चेनस्टेत, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीपाशी, करकचून अडकते. याला चेन सक म्हणतात.

आणि शेवटचं: चेन पडत नाही, पण जोर दिला की मागे "टक्" करून एक दात सुटते. हे चेन पडणं नव्हेच. झिजलेली कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), अडकलेली कडी किंवा बिघडलेलं गिअर सेटिंग यामुळे ते होतं. गाईड बसतं पुढे, बिघाड आहे मागे. त्यासाठी गाईड घेऊ नका.

दुरुस्ती होईपर्यंत उभं राहून पेडल मारणं बंद ठेवा. पूर्ण जोर पायावर असताना चेन सुटली की माणूस हँडलवर आदळतो. त्यात दात गेलेले मी पाहिले आहेत.

खडूचं काम

पुढे एकच चेनरिंग असेल तर त्याचे दाते जवळून बघा. बऱ्याच रिंगांवर एक दात जाड, एक बारीक अशी रचना असते. स्रॅमने २०१२ मध्ये एक्सएक्स-वन या संचाबरोबर ती बाजारात आणली आणि पुढे सगळ्यांनी उचलली. चेनची एक कडी आतली, एक बाहेरची. बाहेरच्या कडीत पोकळी जास्त रुंद असते, जाड दात तिथे घट्ट भरतो आणि चेन धरून ठेवतो. म्हणूनच अशा रिंगला दाते नेहमी सम संख्येत असतात: ३०, ३२, ३४.

चेन पडल्यावर वाटेत घाईघाईने चढवताना एका दाताची चूक झाली, तर जाड दात आतल्या, अरुंद कडीखाली येतो. चेन दातांवर बसत नाही, दातांवरून तरंगत चालते. मग पाचशे मीटरवर पुन्हा पडते, पुन्हा घाईत चढवली जाते, आणि रविवार वाया जातो. एका जाड दातावर खडूची खूण करा. त्यावर बाहेरची कडी आलीच पाहिजे. नसेल तर एक दात सरकवून बसवा. खर्च शून्य, आणि कितीतरी बाईक एवढ्यावरच बऱ्या होऊन गेल्या आहेत.

लगेच दुसरं बघा: मागच्या डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा, क्लच. शिमानोच्या क्लचला छोटी खटकी असते. मागचं चाक काढताना ती बंद करतात, आणि परत चालू करायची राहून जाते. क्लच डिरेलरचा पिंजरा (दोन छोटी चाकं धरणारा भाग) पुढे झुलू देत नाही, त्यामुळे चेनची खालची बाजू दगडांवर फटके मारत नाही. पिंजरा हाताने पुढे ढकलून पाहा. क्लच चालू असताना स्पष्ट जड लागला पाहिजे. चालू-बंद दोन्हींत सारखाच हलका लागत असेल तर क्लच ढिला पडलाय. शिमानोच्या बऱ्याच मॉडेलमध्ये तो कसता येतो, स्रॅमच्या क्लचला मात्र अशी कसण्याची सोय नसते. साध्या सात-आठ गिअरच्या बाईकवर क्लच सहसा नसतोच. अशा बाईकवरचं पुढचं डिरेलर काढून "वन-बाय" करायची, म्हणजे पुढे एकच रिंग ठेवायची, टूम निघाली आहे. पण पुढचं डिरेलरच तिथे चेनला आडोसा देत होतं. ते काढलं आणि जागी साधीच रिंग ठेवली, तर चेन पडणारच.

धुणं, आणि धुण्याने होणारं नुकसान

आपली मालव्याची काळी माती पावसात फुगते आणि डिंकासारखी धरते. चोरलच्या वाटेवर एक तास गेलात तर डिरेलरच्या दोन्ही छोट्या चाकांमध्ये मातीचे पेढे थापलेले असतात. चेन तिथे वळत नाही, ताठ राहते, आणि रिंगवर वाकडी जाते. चेन सकचंही पहिलं कारण हेच: कोरडी, चिखलाची चेन आणि धारदार कडा आलेले दाते. आधी माती खरवडून काढा, चेन डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने साफ करा, पुसून सुकवा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब तेल. वर राहिलेलं तेल फडक्याने पुसून टाका, नाहीतर त्याच्यावरच धूळ बसते. ब्रेकच्या डिस्कवर डिझेल किंवा तेलाचा थेंबही उडू देऊ नका, ब्रेक जातो.

बाईक गाड्या धुण्याच्या प्रेशरखाली कधीही धरू नका. हे मी कळकळीने सांगतो, कारण यातून होणारा बिघाड भल्याभल्यांना सापडत नाही.

आमच्या गल्लीतला एक कॉलेजचा मुलगा दर पावसाळी राइडनंतर बाईक प्रेशरने धुऊन आणायचा. चेन पडायला लागली. त्याने साठवलेल्या पैशातून भारी गाईड मागवलं आणि लावलं. चेन तरीही सुटायची, फक्त आता ती गाईड आणि रिंग यांच्यामध्ये पाचरीसारखी बसायची. चेनस्टेवर खोल ओरखडे आले. मी चेन, रिंग, क्लच सगळं तपासलं, सगळं ठीक. शेवटी मागचं चाक उचलून फिरवलं आणि क्रँक हाताने धरून ठेवली. चेनची वरची बाजू दोरीसारखी ढिली पडून लोंबली. फ्रीहबमध्ये, म्हणजे पेडल थांबल्यावर मागचं चाक मोकळं फिरू देणाऱ्या भागात, पाणी शिरून ग्रीस धुऊन गेलं होतं आणि तो जाम झाला होता. उतारावर पेडल थांबलं तरी चाक कॅसेटला सोबत ओढायचं, कॅसेट चेनची वरची बाजू पुढे ढकलायची, ढिली चेन रिंगवरून उडायची. फ्रीहब उघडून साफ केला, ग्रीस भरलं, काम झालं. गाईड आजही लावलेलं आहे, पण चेन त्याला क्वचितच शिवते.

ही तपासणी तुम्हीही करा. चाक फिरतंय, क्रँक धरलेली आहे, चेनची वरची बाजू ताठ राहिली पाहिजे. क्लचच्या बाईकवर मोकळं सोडलेलं पेडल चाकाबरोबर हळूहळू फिरलं तर घाबरू नका. वरची चेन लोंबणं हे खरं लक्षण.

आता पट्टी काढा

चेन झिजली की तिच्या पिना आणि बुश खातात आणि चेन "लांबते". त्यासाठी वेगळं हत्यार मिळतं, पण १२ इंची स्टीलची पट्टी पुरते. प्लॅस्टिकची शाळेची पट्टी नको. चेन ताणून धरा, एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा. नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिमीवर, दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो १/१६ इंच, म्हणजे साधारण दीड मिमी पुढे गेला असेल तर चेन बदला. १/८ इंच पुढे गेला असेल तर चेनने रिंग आणि कॅसेटही खाल्लेली असते, आणि नुसती चेन बदलून भागत नाही. नवी चेन झिजलेल्या दातांवर बसत नाही.

रिंगची परीक्षा अशी: चेन रिंगच्या सर्वांत पुढच्या टोकाला चिमटीत धरून पुढे ओढा. दाताचा बराचसा भाग उघडा पडला तर चेन किंवा रिंग, नाहीतर दोन्ही, गेलेली आहेत. जाड-बारीक रिंगमध्ये जाड दाताच्या बाजू झिजतात, आणि दात टोकदार दिसायच्या कितीतरी आधी पकड गेलेली असते. नव्या रिंगमध्ये कडी किती घट्ट बसते हे एकदा दुकानात हाताने अनुभवून या, मग जुनी ओळखायला वेळ लागणार नाही.

रिंगचे बोल्ट हलतात का बघा. क्रँक दोन्ही हातांनी आडवी हलवून बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँक फिरते त्या बेअरिंगमध्ये) खेळ आहे का बघा. क्रँक उलटी फिरवून रिंग डोलते का तेही बघा. दगडावर आदळलेली रिंग वाकडी झालेली असते, आणि वाकड्या रिंगवर मधूनमधून, बिनकारण वाटावी अशी चेन पडते.

लांबी, हँगर, पुढचं डिरेलर

चेन लांब असेल तर लोंबते. अंदाज असा: चेन डिरेलरमधून न घालता पुढच्या मोठ्या रिंगवरून आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवरून फिरवायची, जिथे टोकं जुळतात तिथून एक इंच जास्त ठेवायची. पण पुढे एकच रिंग आणि मागे मोठी कॅसेट असेल तर काही संचांना याहून जास्त कड्या लागतात, तेव्हा निर्मात्याचं पत्रक बघा. मागे सस्पेन्शन असेल तर चेन तोडण्याआधी शॉकची हवा सोडून चाक पूर्ण वर दाबून बघाच. बऱ्याच फ्रेममध्ये चाक वर जाताना क्रँकपासून लांब जातं. डोळ्यांनी ठरवून आखूड केलेली चेन पहिल्याच मोठ्या खड्ड्यात डिरेलर उखडते.

बाईकच्या मागे उकिडवे बसा आणि डिरेलरची दोन छोटी चाकं मागच्या चकतीच्या बरोबर खाली, एका रेषेत आहेत का पाहा. आत झुकलेली दिसली तर हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा, वाकलाय. बाईक उजव्या कुशीवर पडली की हे होतं, आणि पडलेली आठवतही नाही. हँगर मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा असतो, म्हणजे फ्रेम वाचते. एकदा सरळ करता येतो. पुनःपुन्हा वाकवला की तुटतो.

दोन-तीन रिंगांची बाईक असेल आणि चेन आत पडत असेल, तर पुढच्या डिरेलरचा "एल" लिहिलेला स्क्रू जुळवा. मागे सर्वांत मोठी चकती, पुढे सर्वांत लहान रिंग, आणि पिंजऱ्याची आतली पट्टी चेनपासून साधारण अर्धा मिमी दूर. एवढं करूनही पडत असेल तर सीट ट्यूबवर (सीटखालच्या उभ्या नळीवर) बसणारा, चेन आत पडू न देणारा छोटा चेन कॅचर लावा. तो गाईडच्या मानाने स्वस्त असतो. पुढचं डिरेलर असलेल्या बाईकवर सहसा पूर्ण गाईड बसतच नाही, त्या शोधात पडू नका.

सगळ्यात मोठ्या किंवा सगळ्यात लहान चकतीवरच, एकाच दिशेला पडत असेल तर चेनलाइन तपासायची. म्हणजे फ्रेमच्या मध्यरेषेपासून रिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं. १४८ मिमी रुंदीच्या बूस्ट हबच्या (मागच्या चाकाच्या मध्यभागाच्या) बाईकला ते साधारण ५२ मिमी, काही नव्या संचांना ५५, जुन्या एका रिंगच्या बाईकला ४९च्या आसपास. रिंग चुकीच्या बाजूने किंवा चुकीच्या वॉशरवर बसवलेली मी पाहिली आहे. पेडल उलटं फिरवताना, मोठ्या चकतीवर असताना पडली तर त्याची फार काळजी करू नका. उलट फिरताना चेन रिंगवर खालून चढते आणि तिथे तिरकी असते.

आता गाईड

इतकं सगळं ठीक आहे आणि तरी जानापावहून उतरताना दगडांवर चेन सुटते? मग गाईड घ्याच. पुढे पेडल मारताना चेन रिंगवर वरून चढते, म्हणून वरचा आडोसा सगळ्यात जास्त काम करतो. खाली रोलर असलेली गाईडं डाउनहिल शर्यतींसाठी ठीक. आपल्या मातीत तो रोलर सगळ्यात आधी मरतो: बेअरिंगमध्ये चिखल, मग घरघर, मग जाम. क्लच चांगला असेल तर फक्त वरचं गाईड घ्या.

टिकाऊपणा आधी ठरतो तो गाईड कुठे पकडलंय यावरून. बॉटम ब्रॅकेटभोवती तीन कान, त्यांना भोकं, असं दिसलं तर तुमची फ्रेम आयएससीजीची, म्हणजे गाईड बसवायच्या ठरलेल्या मापाची. आयएससीजी-०५ मध्ये भोकांचं वर्तुळ ५६ मिमीचं, जुन्या आयएससीजीत ४७चं. दोन्ही एकमेकांना चालत नाहीत, मोजूनच मागवा. तीन बोल्टवर बसलेलं गाईड दगड लागला तरी फिरत नाही. कान असतील तर दुसरा विचार करू नका.

कान नाहीत तर सीट ट्यूबवरचा क्लॅम्प. मापं तीन: २८.६, ३१.८ आणि ३४.९ मिमी. व्हर्नियर नसेल तर नळीला दोरा गुंडाळून दोऱ्याची लांबी मोजा: साधारण ९०, १०० किंवा ११० मिमी येईल, आणि अनुक्रमे तीच तीन मापं. नळी गोल आणि धातूची हवी. कार्बनच्या नळीवर, फ्रेम बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर, क्लॅम्प आवळायचा नाही.

तिसरा प्रकार बॉटम ब्रॅकेटच्या कपाखाली दाबून बसतो. माझ्या स्वतःच्या बाईकवर तो होता. पाताळपाणीजवळ बेसाल्टचा एक दगड खालून लागला, गाईड जागेवरच फिरलं आणि त्याची पट्टी थेट चेनमध्ये घुसली. सोडवायला एलन की पुरली नाही, कारण कप खोलायचा पाना लागतो, आणि तो पाना कोण राइडला घेऊन जातं? महूपर्यंत बाईक ढकलत आणली. दुसरा पर्यायच नसेल तरच हा प्रकार घ्या. प्रेस-फिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेल्या) ब्रॅकेटवर तर तो विचारूही नका.

मग बांधणी बघा. मागची पट्टी ॲल्युमिनियमची असावी. आदळली तर वाकते, आणि घरी सरळ करता येते. कार्बनची पट्टी हलकी खरी, पण तडकली की संपली. चेन घासते तो आतला प्लॅस्टिकचा तुकडा वेगळा मिळतो का, हे घेण्याआधी विचारा. तो झिजणारच आहे, आणि तो बदलता येत नसेल तर पूर्ण गाईड पुन्हा घ्यावं लागतं. बोल्टचे आटे प्लॅस्टिकमध्ये पाडलेले असतील तर ठेवून द्या, दोन-तीनदा उघडलं की ते मरतात. आत धातूचं बुश असलेलंच घ्या. गाईडचा पिंजरा एका बोल्टवर उघडणारा आणि तळाशी मोकळा हवा, म्हणजे चिखल खाली पडतो आणि अडकलेली चेन काढता येते. रिंगच्या दातांची मर्यादा छापलेली असते, जसं २८ ते ३६, ती तुमच्या रिंगला बसते का बघा. लंबगोल रिंग असेल तर तिचं लांब टोक वर आणूनच उंची ठरवा.

रिंग वारंवार दगडावर आपटत असेल तर खाली बॅश गार्ड (दगडाचा मार झेलणारी ढाल) असलेलं घ्यावं असं वाटतं, आणि ते बरोबरही आहे. पण तो मार शेवटी फ्रेमच्या कानांवर जातो. पातळ कान असतील तर रिंग वाचवताना फ्रेम जाईल.

बसवताना चेन मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर आणि मग सर्वांत लहान चकतीवर आणून दोन्हीकडे साधारण एक मिमी फट राहील असं वॉशरने जुळवा. बोल्टला निळं थ्रेडलॉक (बोल्ट सैल होऊ न देणारा चिकट द्रव), आणि पहिल्या राइडनंतर पुन्हा एकदा पाना. सतत "सर्र सर्र" आवाज येत असेल तर तसंच चालवू नका. तुकडा दोन महिन्यांत कापला जाईल.

इथे हात थांबवा

चेनस्टेजवळ किंवा ब्रॅकेटच्या कानांपाशी केसाएवढी जरी भेग दिसली तरी बाईक चालवणं बंद, आणि थेट फ्रेमचं काम जाणणाऱ्याकडे. कार्बन फ्रेमवर पडलेल्या चेनने धागे उघडे पडेपर्यंत खोल ओरखडा केला असेल तरीही तेच. प्रेस-फिट ब्रॅकेट, क्रँकचे गेलेले आटे, फ्रीहबची आतली खिट-स्प्रिंग, सस्पेन्शनच्या सांध्यातला खेळ, ही घरी हातोडीने करायची कामं नाहीत. हँगर सरळ करायलाही मापाचं हत्यार लागतं, दुकानात ते आहे का आधी विचारा. नुसत्या पान्याने वाकवून "हो गया भिया" म्हणणाऱ्याकडून बाईक परत घ्या. चेन रिंग आणि फ्रेममध्ये अडकली असेल तर पेडलवर उभं राहून मोकळी करायला जाऊ नका. क्रँक उलटी फिरवून, नाही जमलं तर रिंगचे बोल्ट सैल करून काढा. त्यात एखादी कडी पिळली गेली असेल तर ती ठोकून सरळ करू नका, काढून टाका. चेन आखूड होत असेल तर नवीन लावा.

दुकानात जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: आत पडते की बाहेर, मागे कोणती चकती असते, पेडल मारताना की मोकळं उतरताना, आणि शेवटची चेन कधी बदलली. हँगर तुटला असेल तर तुटलेले तुकडे सोबत न्या. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो आणि मॉडेलच्या नावावरून तो क्वचितच बरोबर मिळतो. मिळाला की दोन घ्या. एक बाईकला, आणि दुसरा सीटखालच्या पिशवीत चिकटपट्टीने बांधून ठेवा.